सात नंबरची काठी

फुकट काही देण्याचा डेलचा स्वभाव नव्हता. इतक्या वर्षांच्या शेजारात त्याने व्हर्नाला दिल्या त्या फक्त खोट्या बातम्या. "यंदा वरच्या वळणावर मासाच नाही गं," असं गावभर सांगून हा माणूस त्याच वळणावर मांडीभर पाण्यात उभा असलेला तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता. तोच आज तिच्या स्वयंपाकघरात येतो आणि टेबलावर मासे धरायच्या गळाच्या दोरीचं निळं वेटोळं ठेवतो, म्हणजे पाणी कुठंतरी मुरत होतं.

"तुझ्या नव्या काठीसाठी कापून बेतलीये," डेल म्हणाला. "काठीवरचा नंबर बघत बसू नकोस. लाव आणि फेक."

"आणि मध्येच एवढा उमाळा का आला?"

"बाई, घ्यायची तर घे, नाहीतर मांजराला खेळायला दे."

हात मात्र त्याने कोटाच्या खिशातून पुन्हा काढले नाहीत. कॉफीलाही नको म्हणाला. डेल आणि कॉफीला नको! तो गेल्यावरही व्हर्ना बराच वेळ दाराकडे बघत राहिली.

तिचा उजवा खांदा कामातून गेला होता. हात डोक्यावर नेऊन दोरी फेकायची नाही, असं डॉक्टरने बजावलं होतं. म्हणून तिने ही दोन्ही हातांनी धरायची आखूड काठी घेतली. दोरी पाण्यावरूनच उचलायची आणि कमरेच्या जोराने पुढे सोडायची. शनिवारी स्कॅजिट नदीवरचा स्टीलहेड माशांचा हंगाम संपत होता. तोवर काठी जमली नाही तर नदीला कायमचा रामराम, असं तिने मनाशी ठरवून टाकलं होतं.

काठीवर स्वच्छ सात लिहिलेलं होतं, म्हणजे काठीला चालणाऱ्या दोरीच्या वजनाचा नंबर. तिने आपली जुनी, एकहाती काठीची सात नंबरची दोरी काढली आणि पिठाच्या काट्यावर ठेवली. मग डेलची ठेवली. डेलची दुपटीहून जड!

"अस्सं," ती मांजराला म्हणाली. "काठी मोडायचा बेत आहे तर!"

आता सगळे धागे जुळले. वळणावर जो आधी पोचेल तो वरच्या टोकाला पहिला उतरतो, दुसऱ्याने काठावर थांबायचं, हा नदीचा रिवाज. गेली कित्येक वर्षं पहिली व्हर्नाच उतरत होती. शिवाय बुधवारी डेलची गाडी वळणापाशी दिसली होती, आणि ती जवळ जाताच त्याने मागची ताडपत्री घाईने ओढून घेतली होती. व्हर्नाने कात्री घेतली, दोरी जवळजवळ अर्धी कापली, टोकाला नवा फास बांधला आणि कापलेला तुकडा पुरावा म्हणून कोटाच्या खिशात टाकला.

शनिवारी उजाडता उजाडता ती पाण्यात उतरली. डेल मागोमाग आला आणि ओंडक्यावर बसला. काठीशिवाय! तमाशा बघायला आलाय मेला, ती मनात म्हणाली. तिने दोरी उचलली, फिरवली, सोडली. दोरी पुढ्यातच गोळा होऊन पडली. पुन्हा फेकली. गळावरची पिसांची खोटी माशी तिच्याच टोपीत अडकली.

"जरा आण इकडे," डेल ओरडला.

ती तणतणत काठावर आली. त्याने तिला काठी एकदाच हलवून दाखवायला लावली.

"किती कापलीस?"

"जितकी जास्त होती तितकी! सातच्या काठीला दुप्पट वजन? मोडायचीच होती ना तुला?"

"अगं शहाणे, हा सात दोन हातांचा. एकहाती सातची दोरी याला वाऱ्यासारखी, वाकवतच नाही काठीला. बुधवारभर इथं उभं राहून वीत-वीत कापून बेतली होती ती. माझ्या लांब काठीची दोरी होती."

"मग तुझ्या काठीला काय लावणार?"

त्याने खिशातून हात काढले. ते थरथरत होते, थंडीने थरथरतात तसे नव्हे.

"माशी बांधता येत नाही आता. कप धरता येत नाही. म्हटलं, दोरी तरी पाण्यात जाईल."

व्हर्नाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतकी वर्षं ज्याच्याशी भांडली त्याला सॉरी कसं म्हणायचं ते तिला सुचेना. तिने खिशातून पुरावा काढला. डेलने सांगावं, तिने गाठी माराव्यात, असं करत तुकडा जोडला. जोड ओबडधोबड झाला, पण ओढून पाहिला तर टिकला.

"चल," ती म्हणाली. "पहिला तू."

"अगं, हात बघितलेस ना?"

"काठी दोन हातांची आहे. वरचा हात तुझा, खांदा तुझा धड आहे. खालचा माझा, तो थरथरत नाही."

दोघं एकमेकांना खेटून, शिव्या घालत पाण्यात उतरली. पहिली फेक वाकडी गेली. दुसरी नदीच्या मध्यापर्यंत सरळ गेली, आणि निळी दोरी प्रवाहाबरोबर हळूहळू वळू लागली. डेल काठी गुपचूप आपल्या बाजूला ओढतोय, असा व्हर्नाला दाट संशय आला. तिने ओढू दिली.