राखेनं घासलेल्या नळ्या

चाळीस मिनिटं म्हणजे चाळीस मिनिटं. मी स्वतः घड्याळ लावून मोजली होती, आणि अंशुल म्हणत होता दहा.

मी देवासची. रोज बसनं विद्यापीठात जाते, बायोकेमिस्ट्रीत पीएचडीला. तिरला गावच्या एका उकिरड्यातनं मी बारा तऱ्हांचे जिवाणू आणले होते. शेणखताचा ढीग आतून कढत असतो, तेव्हा त्यात जगणाऱ्यांचं एन्झाइमही उष्णता सोसणारं असणार, एवढाच माझा तर्क. पहिल्याच जिवाणूचं एन्झाइम सत्तर डिग्रीवर चाळीस मिनिटं टिकलं, आणि मी बाकीचे अकरा फ्रीजमध्ये मागे सारून ठेवले. शुक्रवारी पीएचडीच्या कमिटीसमोर काम मांडायचं होतं. तिनं हा आकडा मानला की माझी पीएचडी पक्की, नाही तर लटकली.

सुमंगला मॅडम, म्हणजे माझ्या गाइड, यांचा नियम असा की कमिटीआधी तोच प्रयोग दुसऱ्यानं करून बघायचा. ते काम आलं अंशुलकडे. हा धारचा, घरी मराठी बोलतो, पण वाचायला दिली की घाम फुटतो. त्याला तीनदा दहाच मिनिटं मिळाली.

"देख देवश्री, मी काही म्हणत नाहीये," तो म्हणाला, "पण चाळीस आले कुठून?"

म्हणजे म्हणतच होता की. माझं डोकंच सणकलं. "बस इथं," मी म्हटलं, "माझ्या बाटलीतलं एन्झाइम घे आणि माझ्यासमोर कर."

बसला बिचारा. पिठाच्या पाण्यात आयोडीन टाकलं की निळंशार होतं. एन्झाइम शाबूत असलं तर ते पीठ तोडून टाकतं आणि निळं उरत नाही. दहा मिनिटं तापवल्यावर त्याची नळी निळीच राहिली. मग त्याच बाटलीतलं घेऊन मी माझ्या नळीत केलं. चाळीस मिनिटं झाली तरी निळ्याचा पत्ता नाही.

एन्झाइम तेच, पीठ तेच, पाणी तेच. वेगळ्या होत्या त्या फक्त नळ्या. सिंकपाशी ठेवलेल्या माझ्या राखेच्या डब्याकडे नजर गेली.

आमच्याकडे देवाची भांडी साबणानं घासत नाहीत. साबणात चरबी असते म्हणे, म्हणून गोवरीची राख. अक्का, माझी आत्या, देवळातली उपकरणी अजून तशीच घासते, आणि मी लहानपणापासून तिच्या शेजारी बसून घासत आलेय. लॅबच्या साबणानं नळ्या चिकट राहतात असं मला वाटायचं, म्हणून घरून राखेचा डबा आणला होता. शेवटी चिमूटभर राख, एकदा खळबळलं की झालं. अंशुल हसायचा आणि मी त्याला माझ्या चकचकीत नळ्या दाखवायचे.

राखेत कॅल्शियम असतं. ते मिळालं की असलं एन्झाइम जास्त तग धरतं, हे एमएस्सीच्या पोरांनाही ठाऊक असतं. गाढव मी.

तरी खात्रीसाठी सहा नळ्या अंशुलकडून ॲसिडनं धुऊन घेतल्या आणि पुन्हा केलं. सहाही वेळा दहा.

अंशुलनं नळ्या स्टँडमध्ये परत लावल्या. मग म्हणाला, "सुन, मी लिहून देतो की गलती माझी होती. कोणाला कळणार आहे?"

मला त्याचा राग आला आणि रडूही आलं, कारण तो मनापासून म्हणत होता. आणि खोटं कशाला बोलू, क्षणभर मला ते हवंसं वाटलं. "तू कशाला खोटं लिहिशील?" मी म्हटलं. "राख मी आणली, सांगणारही मीच."

शुक्रवारी पहिल्याच वाक्यात राखेचं सांगितलं. कमिटीतले एकजण हसले. मॅडम हसल्या नाहीत. निकाल मिळाला, सहा महिन्यांनी पुन्हा या. देवासच्या बसमध्ये खिडकीकडे तोंड करून मी भरपूर रडले.

सोमवारी फ्रीजमधले अकरा बाहेर काढले. राखेचा डबा अक्काला परत देऊन टाकला होता. पाच महिने तेच केलं, वाढवायचे, एन्झाइम वेगळं काढायचं, तापवायचं. दुसरा, तिसरा, चौथा, थेट आठव्यापर्यंत सगळे दहाच्या आत गेले. रोज वाटायचं सोडून द्यावं आणि रोज सकाळी मी तीच बस पकडायचे.

नवव्याच्या वेळी मी अंशुलला बोलावलं. नळ्या त्याच्या, धुणं त्याचं, घड्याळही त्याच्याच हातात. मी हात मागे बांधून उभी राहिले.

"अठरा," तो म्हणाला. लगेच दुसऱ्यांदा केलं, तिसऱ्यांदा केलं. अठरा. वहीत आकडा लिहून खाली त्यानं आपली सही केली, न सांगता.

मी तिथूनच अक्काला फोन लावला.

"अठराच?" अक्का म्हणाली. "मागं तर चाळीस सांगत होतीस."

"ते तुझ्या राखेचे होते, अक्का," मी म्हटलं. "हे माझे आहेत."