शंभर मीटर

शेजारच्या गल्लीत बालवाडी उघडली आणि पाठोपाठ नवा नियम आला. शाळेच्या फाटकापासून बारचं दार चालत शंभर मीटर लांब हवं, नाहीतर परवाना रद्द. आमचं जेमतेम सत्तर भरत होतं. मोजणीला महिना होता. बाबांनी बारचं पुढचं दार विटांनी बुजवलं आणि गिऱ्हाइकांना मागच्या बोळातून, आमच्या स्वयंपाकघरातून आत घ्यायला लागले. बाबांचं डोकं हे असं चालतं.

आईने वीस वर्षांत बारमध्ये पाऊल टाकलं नव्हतं. मला वाटलं, आता ती घर डोक्यावर घेईल. ती भांडी घासत राहिली.

संध्याकाळी माणसं चपला हातात धरून पातेल्यातल्या वाफेतून अलगद जायची. खिडकीतलं पिवळं ऊन क्षणभर त्यांच्या खांद्यांवर थांबायचं. कपड्यांच्या घड्या घालता घालता मला कळायचं नाही, ही माणसं खरी आहेत की माझा डोळा लागलाय. त्यांच्यातले घड्याळ दुरुस्तीवाले आईच्या गुडघ्यांची चौकशी करायचे. सुताराने तर तिच्यासाठी एक खुर्ची आणून ठेवली. वीस वर्षांत आमच्या कुणाच्या ते मनातही आलं नव्हतं, याची मला लाज वाटली. आई मात्र कधी तिच्यावर बसली नाही. तिला वेळ कुठे होता?

मोजणीच्या दिवशी परवाना खात्याचे साहेब टेप घेऊन आले. फाटक, बोळ, मागचं दार, मग स्वयंपाकघरातून सरळ बारच्या आतल्या दारापर्यंत. नव्व्याण्णव मीटर आणि थोडं वर. बाबांचा चेहरा पांढराफटक पडला.

आईने पदराला हात पुसले, खुर्ची ओढून बरोबर टेपवर ठेवली आणि बसली.

"मी इथे बसते," ती म्हणाली. "सगळे मला वळसा घालून जातात."

साहेबांनी विचारलं, रोज?

"रोज."

आईला खोटं बोलताना मी पहिल्यांदाच ऐकत होते. साहेब तिच्या सुजलेल्या गुडघ्यांकडे बघत राहिले. मग त्यांनी खुर्चीला वळसा घालून पुन्हा मोजलं. शंभर आणि वर चार बोटं.

साहेब गेल्यावर बाबांनी सुस्कारा सोडला आणि तिला म्हणाले, झालं, ऊठ आता, दूध उतू जाईल.

आईने पाय लांब केले.

"आता कशी उठू? परवाना जाईल ना."

बाबा माझ्याकडे बघायला लागले. मी कपड्यांच्या घड्यांतून मान वर काढली नाही. शेवटी ते स्वतःच गॅसकडे धावले, तिला वळसा घालून.