अर्धा सूर खाली

“ऑडिशनला नर्व्हस झाले मॅडम मी. बस, और क्या,” वैभवी म्हणाली आणि तिने मिठाईचा डबा टीपॉयवर ठेवला. आता गाणं बंद. सोमवारपासून इथेच, गुरुग्रामला, एका ऑफिसात नोकरी. फरीदाबादहून रोज ये-जा करणार होती.

सुनेत्राबाईंनी चहा विचारला. सांगायचं होतं ते वेगळंच.

सव्वीस वर्षं त्या ऑपेरा गाणाऱ्यांना पियानोची साथ करत होत्या आणि त्यांच्याकडून इटालियन, जर्मन उच्चार घोटून घेत होत्या. आधी बोल, मग गा, हा त्यांचा खाक्या. दिल्लीकडे असल्या कामाला कुणी विचारत नाही. सोसायटीचा गार्ड त्यांना पियानोवाली आंटी म्हणे, आणि कार्यक्रमपत्रिकेत त्यांचं नाव मांडववाल्याच्या शेजारी छापलं जाई. धंद्याचा एक नियम होता: शब्द आणि लय आपली, गळा गाण्याच्या गुरूचा. गळ्याबद्दल बोलायचं नाही. भित्र्या माणसाची यात फार सोय होते.

फेब्रुवारीत वैभवीला सर्दी झाली. ऑडिशनच्या गाण्यातला सगळ्यात वरचा सूर फाटला आणि पोरगी रडली. त्या दिवसापुरतं म्हणून सुनेत्राबाईंनी इलेक्ट्रिक पियानोचं बटण दाबलं. बोटं त्याच जागी, आवाज अर्धा सूर खाली. सूर लागला. वैभवी हसली, “अरे वा, आ गया!”

सर्दी गेली. बटण तसंच राहिलं. चार महिने. गुरू मुंबईला, तो मोबाइलवर ऐकायचा, त्यालाही पत्ता लागला नाही.

ऑडिशनला वाजवणारा दुसरा होता. त्याने लिहिलंय तसंच वाजवलं. वरच्या सुरावर आवाज फुटला. वैभवीने पुन्हा गायची परवानगी मागितली, जोर लावला, पुन्हा फुटला. परदेशी परीक्षकांनी थँक यू म्हटलं.

“तू नर्व्हस नव्हतीस,” सुनेत्राबाई म्हणाल्या. “मी तुला खालच्या पट्टीत गायला लावत होते. फेब्रुवारीपासून.”

“रोज?”

“रोज.”

“त्या सकाळी तुम्हीच फोनवर म्हणालात ना, बिल्कुल तयार आहेस?”

“म्हणाले.”

“का, मॅडम?”

तुझ्या भल्यासाठी, हे वाक्य ओठांवर आलं होतं. साफ खोटं. “तू इथून हसत जायचीस,” त्या म्हणाल्या. “मला ते हवं होतं.”

वैभवी बोटातली अंगठी फिरवत राहिली. मग सावकाश म्हणाली, “मी घरी सांगितलं, माझ्यातच दम नाही. पप्पा म्हणाले, मॅडमना मिठाई देऊन ये. त्यांची मेहनत वाया घालवलीस तू.”

बाईंना वर बघवेना.

“खऱ्या पट्टीत वाजवा,” वैभवी म्हणाली.

“आत्ता? गाणार आहेस?”

“वाजवा ना.”

त्यांनी वाजवलं. वैभवी गायली नाही. पियानोशेजारी उभी राहून ती शब्द नुसते बोलत गेली, खालच्या आवाजात, एकही उच्चार न चुकता. वरचा सूर आला तिथे ती गप्प राहिली. तेवढी जागा पियानोने एकट्याने भरली. पुढे पान संपलं. बाईंचे दोन्ही हात गुंतलेले होते.

वैभवीने वाकून पान उलटलं, अगदी वेळेवर, आणि पुढचा शब्द बोलली.