टोपी पुसली

दिनांक. वेळ. आकाश. टोपी पुसली. शेरा.

नोंदवहीत असे पाच रकाने. आपल्याला काम आहे ते चौथ्याशी. पण तिथे एकदम जाता येणार नाही. ढगूला तिथे पोचायला पाच वर्षं लागली.

ढगू म्हणजे छत्तीस वर्षांची संशोधक बाई. लहानपणी आभाळाकडे बघत चालायची आणि खांबांवर आपटायची, म्हणून बाबांनी हे नाव ठेवलं आणि ते चिकटलं. बाबा हवामान केंद्रावर निरीक्षक होते. कार्यालयाच्या खालीच राहायची खोली होती. वर गच्ची, गच्चीवर पाण्याची टाकी, टाकीला लोखंडी शिडी, आणि शिडीच्या टोकाला एक यंत्र. जमिनीवर किती ऊन पोचतं ते हे यंत्र मिनिटामिनिटाला मोजतं. त्याच्या डोक्यावर वाटीएवढी काच असते. घरात सगळे तिला टोपी म्हणत. टोपीवर धूळ बसली की यंत्राला ऊन कमी दिसतं, म्हणून बाबा ती रोज सकाळी पुसायचे. पुसली की रकान्यात बरोबरची खूण.

एवढंच. आता भांडणाकडे.

भांडण तिघांचं होतं.

उपग्रह म्हणत होता, गेल्या दहा वर्षांत या गावावरची हवा होती तशीच आहे, मळकट.

मॉडेल, म्हणजे संगणकात समीकरणांनी चालवलेली हवा, म्हणत होतं, उपग्रह सांगतोय ते खरं.

आणि टाकीवरचं यंत्र म्हणत होतं, खोटं! आधी चार वर्षं ऊन घटत गेलं, आणि मग एका वर्षी एकदम वाढलं. त्याच वर्षी नदीकाठच्या वीटभट्ट्या बंद झाल्या होत्या.

ढगूने यंत्राची बाजू घेतली. उपग्रह शेकडो किलोमीटर वरून बघतो, त्याला जमिनीलगतचं काय कळणार? मॉडेलला भट्ट्या बंद झाल्याचं कुणी सांगितलंच नव्हतं. तिने शोधनिबंध लिहिला: भट्ट्या गेल्या, हवा निवळली, जमिनीने पाहिलं. शुक्रवारी तो पाठवायचा होता. शेवटच्या पानावर आभाराची एक ओळ होती, सव्वीस वर्षं अखंड नोंदी ठेवणाऱ्या निरीक्षकांसाठी. नाव बाबांचं.

सोमवारी तिच्या सरांचा फोन आला. "सगळं झकास आहे. फक्त एक सांग, ऊन वाढलं तो महिना कुठला?"

तिने सांगितला.

"आणि तुझे वडील निवृत्त कधी झाले?"

तोच महिना होता.

*

(इथे ती मंगळवारी केंद्रावर गेली. नव्या निरीक्षक बाईंनी चहा विचारला, तिने नको म्हटलं. चार जाड वह्या पिशवीत घातल्या. वाटेत पिशवीचा बंद तुटला. वह्या पोटाशी धरून ती आईबाबांच्या घरी पोचली. एवढं पुरे.)

*

शाई. शाई. शाई. पेन्सिल.

शाई. पेन्सिल. पेन्सिल.

तिच्या संगणकात चौथ्या रकान्यातल्या या सगळ्या खुणांचा एकच आकडा होता: १. वह्या टाइप करून घेताना कुणी रंग बघितला नव्हता. तिनेही नव्हता. शेवटच्या वर्षाची पानं तर फिकट राखाडी खुणांनीच भरली होती.

बाबा खुर्चीत पाय लांब करून बसले होते. गुडघ्यांना पट्टे होते.

"बाबा, पेन्सिल म्हणजे काय?"

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"पेन्सिल म्हणजे नाही," ते म्हणाले.

"म्हणजे पुसलीच नाही?"

"शिडी चढवेना गं. रकाना रिकामा ठेवला की मुख्य कार्यालयातून पत्र यायचं, खुलासा करा म्हणून. गुडघे सांगितले असते तर केंद्रावर दुसरा माणूस आणला असता. मग खूण करायचो. पण शाईने करायला हात उठायचा नाही."

"मला सांगायचंत ना! मी त्या आकड्यांवर पाच वर्षं घालवली!"

"तू कधी विचारलंस, बाबा, खरं आहे ना? तू आभार मानलेस."

हे तिला लागलं. खरं असल्यामुळे जास्त लागलं.

आई स्वयंपाकघरातून हात पुसत आली. "किती खुणा आहेत पेन्सिलीच्या?"

"पाचशेच्या वर."

"त्यातल्या वीसेक शाईच्या कर. मी चढले होते."

बाबा खुर्चीत सरळ झाले. "तू? कधी?"

"तुम्ही बाहेर गेलात की. कपडे वाळत घालायला गच्चीवर जायचेच, तशीच वर. तुमच्या जुन्या बनियनने पुसायचे."

"अगं, पडली असतीस म्हणजे!"

"तुम्ही पडायच्या ऐवजी."

ढगूने कपाळाला हात लावला. "आई, यातली एक तरी तारीख कुठे लिहिलेली आहे का?"

"मी कशाला लिहू? मला कुणी रकाना दिला होता?" मग जराशाने, "एक आठवते. तू पीएचडीला गेलीस ना, त्या दिवशी. तुला गाडीत बसवून आलो. हे केंद्रावर न थांबता डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले. घरात करमेना. म्हटलं, टोपी तरी पुसू."

आता एक गोष्ट सांगायची राहिली आहे, ती इथेच सांगितली पाहिजे.

ढगूने आकडे साफ करण्यासाठी एक चाळणी लिहिली होती. निरभ्र आकाशात ऊन अचानक घटलं आणि चार-पाच मिनिटांत परत वर आलं, की चाळणी तेवढा तुकडा फेकून द्यायची आणि शेजारी लिहायची: पक्षी. यंत्रावर कावळा बसतो, सावली पडते, दुसरं काय! आठ वाजताचे पक्षी फार होते. सर गमतीने म्हणायचे, तुमच्या गावचा कावळा घड्याळ घालतो. त्यावर ती हसलीही होती. लहानपणी रोज आठला बाबांना टोपी पुसताना बघितलेली ही मुलगी.

तिने लॅपटॉप उघडला आणि चाळणी बंद केली.

सगळे पक्षी परत आले.

शाईच्या प्रत्येक दिवशी, आकाश स्वच्छ असेल तर, आठच्या सुमाराला एक खाच, पुसणाऱ्या हाताची सावली. पेन्सिलीच्या दिवशी आठला खाच नाही. एकदाही नाही. बाबांनी शाईने एकही खोटं लिहिलं नव्हतं. शिवाय पेन्सिलीच्या दिवसांत, अकरा-साडेअकराला, विखुरलेल्या तेवीस खाचा होत्या. प्रत्येक खाचेनंतर ऊन आधीपेक्षा जरा वर.

खऱ्या पुसण्यांचा हिशेब धरून तिने आलेख पुन्हा काढला. चार वर्षांची घट गेली. ती एकदम वाढही गेली. रेष सपाट झाली आणि उपग्रहाच्या रेषेवर जाऊन बसली. हवा निवळली नव्हती. टोपी निवळली होती.

ती त्या सपाट रेषेकडे बघत बसली. पाच वर्षं, आणि हाती काय, तर काही बदललं नाही.

मग तिने सरांना लिहिलं: शुक्रवारी पाठवत नाही. निष्कर्ष चुकला. कारण सापडलं आहे, ते लिहिणार आहे. पेन्सिलीसकट.

पाठवायच्या आधी तिने बाबांकडे बघितलं. "नाव काढू का तुमचं?"

"राहू दे. गुडघे मात्र लिहू नकोस. सबब वाटते. पुसली नाही, एवढंच लिही."

"आणि माझं?" आई म्हणाली.

ढगूने तिला शेजारी बसवलं आणि आपण पीएचडीला गेलो तो दिवस उघडला. ऊन शांतपणे चढत होतं. अकरा वाजून अठरा मिनिटांनी रेष खाली कोसळली.

"ही तू."

आईने पडद्यावर बोट ठेवलं, खाचेच्या तळाशी.

बाबा खुर्चीतूनच वाकून बघत होते. "किती मिनिटं सावली आहे?"

"तीन."

"तीन?" ते म्हणाले. "मी एकात उरकायचो. हिने कडासुद्धा पुसल्यात."