विमानाला रंगाचा पाचवा हात

कवळीवाल्याने आयुष्यात हजारो दात बनवले, पण सासऱ्यांनी त्याला काम म्हणून कधी मोजलं नाही. "दात काय, माणसाला फुकट येतात, तेही दोनदा," असं ते लग्न ठरतानाच म्हणाले होते. यावर चोख उत्तर सुचायला कवळीवाल्याला छत्तीस वर्षंही पुरली नव्हती.

सासऱ्यांना घरीदारी सगळे फोरमनच म्हणत. युद्धाच्या काळात ते विमानतळावरच्या रंगखात्यात होते आणि लढाऊ जेट विमानांना रंग मारायचं काम त्यांच्याकडे असायचं. आता वय चौऱ्याऐंशी, मुक्काम लेकीकडे, म्हणजे कवळीवाल्याच्याच घरी, मागच्या खोलीत. आणि अलीकडे घराचं एकमत झालं होतं की फोरमनचं डोकं गेलं.

पुरावेही भरपूर होते. ते चहा कपात ओततो म्हणून बशीत ओतत. धुतलेला पांढरा शर्ट मळका आहे म्हणून परत धुवायला टाकत. ताज्या दुधाला लांबूनच नासकं म्हणत. रस्त्यात सख्ख्या शेजाऱ्याला त्यांनी ओळख दिली नाही आणि पुढच्या वळणावर टपालपेटीला "काय, बरं आहे ना?" म्हणून विचारलं. हसण्यावारी नेता आलं असतं, पण एक दिवस त्यांनी किटलीतलं उकळतं पाणी स्वतःच्या हातावर ओतलं. लेक त्या वेळी कामावर होती. त्या दिवसापासून तिला कामावर घास गिळवेना.

मग मेहुणा आला. मेहुणा म्हणजे फोरमनचा धाकटा मुलगा, विमा कंपनीत साहेब. दुर्घटना घडण्याआधीच तिची फाइल करायची त्याला सवय होती. विसरभोळ्या म्हाताऱ्यांची सोय करणाऱ्या एका संस्थेत त्याने खोली धरून ठेवली होती. "एक तारखेपासून," तो म्हणाला. "खोली चांगली आहे. खिडकीला जाळी आहे."

"जाळी कशाला?" कवळीवाल्याने विचारलं.

"तिथं सगळ्यांनाच असते, भावोजी."

 ओट्याकडे तोंड करून बायकोने स्वच्छ असलेली भांडी पुन्हा घासली. फोरमनना सांगितलं तेव्हा तेही फक्त "बरं" म्हणाले, आणि या माणसाच्या तोंडून "बरं" आजवर कुणी ऐकलं नव्हतं.

डोळे दाखवू या, असं बायकोने मागे एकदा सुचवून पाहिलं होतं. त्यावर फोरमननी घर डोक्यावर घेतलं. रंगखात्यात दरवर्षी डोळ्यांची परीक्षा व्हायची आणि बत्तीस वर्षं त्यांचा नंबर पहिला होता. त्यांच्या डोळ्यांत बघायची कुण्या डॉक्टरची हिंमत? शिवाय रोज सकाळी ते वर्तमानपत्र तासभर डोळ्यांसमोर धरत होतेच. त्यामुळे तो विषय तिथेच मिटला, आणि सगळ्यांनी मिळून दोष डोक्याच्या नावावर टाकला.

एक तारखेला तीन आठवडे होते. कवळीवाल्याने खेळण्यांच्या दुकानातून एक खोकं आणलं. आत प्लास्टिकचे ऐंशी-नव्वद सुटे भाग होते. ते जोडले की फोरमनच्याच जेट विमानाची बहात्तर पटींनी लहान, वीतभर प्रतिकृती होणार होती. हेतू फारसा थोर नव्हता. सासरे आपल्याला विसरायच्या आत त्यांच्या तोंडून एकदा तरी "काम बरं झालंय" ऐकावं, एवढंच त्याच्या मनात होतं.

दात बनवणाऱ्याला हे काम अवघड नाही. तोच चिमटा, तीच बारीक कानस, तोच श्वास रोखून धरण्याचा शहाणपणा. घरालगतच्या त्याच्या कामाच्या खोलीत खिडकीशी टेबल होतं, तिथं चार दिवसांत विमान उभं राहिलं. उभं म्हणजे, चाकांवर ठेवलं की ते शेपटीवर बसायचं आणि नाक छताकडे करायचं. पुन्हा ठेवलं, पुन्हा बसलं.

फोरमन शेजारच्या खुर्चीत होते. त्यांनी विमान हातात घेतलं, तळव्यावर जरासं झेललं आणि परत दिलं.

"नाकात वजन घातलं नाहीत, जावईबापू."

"खोक्यातल्या कागदावर लिहिलं नव्हतं."

"कागदाला काय विचारता? खऱ्याचंही हेच. नाकातल्या तोफा उतरवल्या की बसलंच शेपटीवर. आम्ही शेपटीखाली लाकडी घोडा लावायचो. नव्या पोराला घोडा आणायला पाठवलं की तो तबेला शोधत फिरायचा."

कवळीवाल्याने चिकटवलेलं विमान मुकाट्याने उकललं, कवळ्यांचे उरलेले धातूचे तुकडे नाकात भरले आणि परत जोडलं. विमान तीन चाकांवर शहाण्यासारखं उभं राहिलं. डोकं गेलेल्या माणसाच्या मानाने फोरमनचं हे निदान फारच नेमकं होतं. रविवारी मेहुण्याला त्याने तसं सांगितलंही.

"जुनं आठवतंच त्यांना," मेहुणा म्हणाला. "या आजारात तसंच असतं. सध्याचं काही विचारा."

सध्याचं म्हणजे रंग. कागदावर करड्या रंगाचा नंबर दिला होता. कवळीवाल्याने त्या नंबरचा रंग आणला, खिडकीच्या उजेडात नमुन्याशी ताडून पाहिला आणि फवाऱ्याने पातळसा हात दिला. दातांच्या पांढऱ्या रंगात सोळा छटा असतात, आणि तो त्या झोपेतसुद्धा ओळखायचा. करडा अगदी बरोबर होता.

फोरमननी विमान नाकापाशी नेलं. "हे पिवळं आहे," ते म्हणाले.

"करडं आहे, बाबा."

"मी चारशे विमानांना हा रंग मारलाय. तुम्ही किती?"

 कवळीवाल्याने रंग पुसून काढला आणि निळ्याचे चार थेंब घालून दुसरा हात दिला. अजून पिवळं. तिसऱ्या हाताला त्याने निळा चमच्याने घातला. फोरमन म्हणाले, "येतंय, येतंय." चौथा हात वाळला तेव्हा विमान खेळण्याच्या दुकानातल्या बादलीइतकं निळं झालं होतं. बायकोने दारातून पाहिलं आणि आल्या पावली मागे गेली.

फोरमननी मात्र ते हातात घेतलं आणि बराच वेळ खाली ठेवलं नाही.

"हाच," ते म्हणाले. मग विमानाच्या पोटाखालून अंगठा फिरवत, बाजारभाव सांगावा तशा आवाजात ते बोलू लागले. "युद्धात एका सकाळी असंच एक रंगवून ठेवलं होतं. ओलं होतं अजून. तो वैमानिक आला आणि इथं सबंध पंजा टेकवला. मी आईबापावरून शिव्या दिल्या. तो हसला. म्हणाला, परत आलो की पुसून टाका. मी म्हटलं, तूच पुसायचं आहेस." ते थांबले. "मग काही पुसावं लागलं नाही."

कवळीवाल्याने थिनर किती लागायचं ते विचारलं. फोरमननी तेही सांगितलं, मापासकट.

चूक आहे हे दिसत असताना कवळीवाल्याने चौथा हात का दिला? जन्मभर हेच तर केलं होतं. कवळीची छटा शेवटी गिऱ्हाईक म्हणेल ती. माणूस साठीचा आणि दात विशीतल्यासारखे शुभ्र, तरी तोंड त्याचं, दात त्याचे. त्यात हे गिऱ्हाईक आठ दिवसांनी जाळीच्या खिडकीमागे बसणार होतं. निळं तर निळं.

शेवटच्या शनिवारी तो विमानासाठी लाकडी बैठक घासत होता. धूळ उडते म्हणून त्याने घासकामाचा चष्मा चढवला. हा चष्मा त्याच्या धंद्याइतकाच जुना. एके काळी पारदर्शक होता, आता वर्षानुवर्षांच्या उजेडाने त्याचं प्लास्टिक पार पिवळं पडलं होतं. घासता घासता त्याने मान वर केली.

टेबलावर करडं विमान उभं होतं. अगदी कागदावरच्या नंबरचं.

त्याने चष्मा काढला. विमान निळं. चष्मा घातला. करडं. असं त्याने पाच-सहा वेळा केलं. मग त्याच चष्म्यातून भिंतीवर लटकलेला स्वतःचा पांढरा डगला पाहिला, तर तो मळका दिसला. तो तसाच, चष्म्यासकट, स्वयंपाकघरात गेला आणि पातेल्यातलं दूध पाहिलं. नासकं! बायको घाबरली. एकाच घरात दोन डोकी गेलेली तिला परवडणारी नव्हती.

"तुझ्या भावाला बोलाव," तो म्हणाला. "आत्ता."

मेहुणा तासाभरात आला, संस्थेचा अर्ज सहीसाठी बरोबर घेऊनच. कवळीवाल्याने दोघा भावंडांना कामाच्या खोलीत नेलं, काही न सांगता चष्मा मेहुण्याच्या नाकावर चढवला आणि त्याला विमानासमोर उभं केलं.

"रंग कोणता?"

"करडा. का?"

"काढ चष्मा."

मेहुण्याने काढला. मग परत घातला. परत काढला. विमा कंपनीतला माणूस, एकदम कबूल करणं त्याच्या रक्तात नव्हतं. पण हातच्या कांकणाला आरसा कशाला?

"त्यांना सगळं असं दिसतंय," कवळीवाला म्हणाला. "शर्ट, दूध, सगळं. धूसर दिसतं ते वेगळंच. तीन वेळा मी रंग बदलला आणि ते बरोबर त्याच करड्यापाशी येऊन थांबले. इतक्या वर्षांपूर्वीचा रंग! तुझ्या ऑफिसच्या भिंतीचा रंग सांग बरं मला."

मेहुण्याला सांगता आला नाही.

खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. फोरमन मागेच बसले होते, हे बोलण्याच्या भरात तिघंही विसरले होते. ते उठून टेबलाशी आले. टेबलाची कड हाताने चाचपली, मग विमान चाचपलं.

"निळं आहे हे?" त्यांनी विचारलं.

"हो, बाबा," लेक म्हणाली.

 "मला वाटलं डोकंच गेलं," ते म्हणाले. "तुम्ही सगळे म्हणत होता. चार शहाणी माणसं म्हणतात तर असेल, म्हटलं. डोळ्यांवर मी संशय कसा घ्यायचा?"

लेकीने त्यांचा भाजलेला हात दोन्ही हातांत धरला आणि मोठ्याने रडली. मेहुण्याने अर्जाची घडी घातली, मग आणखी एक घडी घातली.

"काच खराब झालीय, बाबा, एवढंच," कवळीवाला म्हणाला. "माल शाबूत आहे."

"बदलून मिळते?"

मिळत होती. डॉक्टर म्हणाले, मोतीबिंदू इतके पिकलेत की या गृहस्थांना वर्तमानपत्र सोडा, वर्तमानपत्र टाकणाराही दिसत नसणार. एक तारखेला, ज्या दिवशी जाळीच्या खोलीत जायचं होतं, त्या दिवशी उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली. घरी येताना वाटेत फोरमननी टपालपेटीकडे पाहिलं आणि काही न बोलता पुढे गेले.

घरात शिरल्यावर ते आधी कामाच्या खोलीत गेले. चपलाही काढल्या नाहीत. मागोमाग लेक, मुलगा, जावई. फोरमननी विमान उचललं, खिडकीशी नेलं, एका डोळ्याने वरून, खालून, पोटाखालून पाहिलं.

"हे कुणी रंगवलं?"

"मी," कवळीवाला म्हणाला.

"तुम्हाला दिसत होतं, हे निळं आहे?"

"दिसत होतं."

"पहिला हात बरोबर होता?"

"हो."

"तरी पुसलात? मी म्हणालो म्हणून? तीन वेळा?"

"हो."

फोरमननी विमान खाली ठेवलं, खुर्ची ओढली आणि करड्याची, पांढऱ्याची, काळ्याची बाटली पुढ्यात घेतली. नंबराचा कागद त्यांनी बाजूला सारला. थेंबाथेंबाने रंग कालवला, काडीने ढवळला, नखावर एक ठिपका लावून उजेडात धरला. कवळीवाल्याने हळूच कागदावरच्या नमुन्याकडे पाहिलं. तसूभरही फरक नव्हता.

"आमच्या खात्यात असला कामगार मी त्याच दिवशी घरी पाठवला असता," फोरमन फवाऱ्याची नळी तपासत म्हणाले. "डोळ्यांना चूक दिसते आणि हात चालूच. काम म्हणून शून्य."

कवळीवाल्याने बाटल्यांची झाकणं लावली. छत्तीस वर्षांची सवय होती.

"पण घरात एक तरी माणूस हवा असा," फोरमन म्हणाले.  "धरा आता विमान. हलवू नका."

कवळीवाल्याने विमान पंखांच्या टोकांशी दोन बोटांनी धरलं, पण बघत तो सासऱ्यांकडे होता, आणि विमान हललं. त्यामुळे पाचवा हात जरा डागाळलाच.