जीप जवळजवळ तयार आहे

माझ्या नवऱ्याचं दोन गोष्टींवर भारी प्रेम आहे. एक त्याची जीप आणि दुसरा 'जवळजवळ' हा शब्द. आमचं लग्न झालं तेव्हा ती जीप जुनी होती, आता म्हातारी आहे. स्टेनारनं घरच्या गॅरेजात ती इतक्या वेळा कापली, जोडली आणि उंच केली, की तिच्यात मूळचं म्हणावं असं फक्त छप्पर उरलंय. त्यालाही त्यानं दिव्यांसाठी भोकं पाडलीच.

आमच्या उत्तरेकडे यात नवल काही नाही. इथे घराला गॅरेज असलं की गॅरेजात जीप असतेच आणि ती एक दिवस हिमनदीवर चढणार असते. बहुतेकींची चढाई दुधाच्या दुकानापर्यंत होते. तीसुद्धा बायकोनं दोनदा सांगितल्यावर.

मला त्याचंही काही नव्हतं. गॅरेजातला नवरा निदान पायात येत नाही. पण मध्ये बाबांच्या डोळ्यांचं निघालं.

बाबा म्हणजे माझे सासरे, ओद्दुर. उभं आयुष्य त्यांनी शरदात पठारावरच्या मेंढ्या हाकून खाली आणण्यात घालवलं. वर क्रुम्मा तळ्याच्या काठी मेंढपाळांची खोपी आहे, तिथे ते रात्रीचे उतरायचे. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की त्यांची मधली नजर हळूहळू जाणार, कडेकडेची तेवढी राहील. घरी आल्यावर बाबांनी कॉफी घेतली, बराच वेळ कपाकडे बघत बसले आणि म्हणाले, "नजर आहे तोवर एकदा तळं बघून यायचंय."

"नेतो ना," स्टेनार म्हणाला. "जीप जवळजवळ तयार आहे."

तळ्यापर्यंत कच्चा रस्ता जातो. वाटेत एक नदी लागते. पूल नाही, पण ऑगस्टात तिला गुडघाभर पाणी असतं. माझी छोटी गाडी तिथे बुडाली असती, साधी जीप आरामात गेली असती. आणि आमच्याकडे साधी जीप नव्हती, हीच तर सगळी रड.

त्या उन्हाळ्यात स्टेनारनं तिला चव्वेचाळीस इंची टायर घातले. असले टायर हवा कमी करून भुसभुशीत बर्फावर तरंगवायचे असतात. ऑगस्टातल्या खडीवर त्यांचा उपयोग काय, हे मी विचारलं नाही, कारण उत्तर लांबलचक असतं. टायर मडगार्डला घासायला लागले, म्हणून मडगार्ड कापले. तरी घासत होते, म्हणून जीप उचलली. एवढी मोठी चाकं इंजिनाला फिरवेनात, म्हणून अॅक्सलमधले गिअर बदलायला घेतले. ते होईतो बर्फ पडला आणि वरचा रस्ता बंद झाला.

"पुढच्या वर्षी नक्की," स्टेनार म्हणाला. बाबांनी मान हलवली.

दर शनिवारी त्याचा मित्र बाल्दुर यायचा. हा मासेमारीच्या जहाजावर इंजिन सांभाळतो. किनाऱ्यावर असला की आमच्या गॅरेजात उलट्या बादलीवर बसून मी तळलेले गोड पिळाचे क्लेइनुर खातो आणि सल्ले देतो. त्याचा सल्ला ऐकून आजवर एकही काम कमी झालेलं नाही.

"हा अॅक्सल नदीत टिकायचा नाही," तो भरल्या तोंडानं म्हणाला.

"नदी गुडघाभर आहे," मी म्हटलं.

"आज आहे, हेर्दिस. आज."

"तिथून मेंढ्या चालत जातात, बाल्दुर."

"मेंढ्यांना गिअर नसतात," स्टेनार म्हणाला. दोघं इतके हसले की बाल्दुरला ठसका लागला. मी बशी उचलून आत घेऊन गेले.

दुसरा उन्हाळा ब्रेकमध्ये गेला. तोपर्यंत बाबा कप टेबलावर ठेवताना आधी हातानं टेबल चाचपायला लागले होते. स्टेनारच्या ते लक्षात आलं नाही असं नाही. ज्या दिवशी बाबांचा कप खाली पडून फुटला, त्या दिवशी तो गॅरेजात जाऊन जेवायलाही आला नाही. असा आमचा मायेचा माणूस. बापाची काळजी वाटली की पाना हातात घेतो.

तिसऱ्या उन्हाळ्यात, ऑगस्टात, जीप खरंच बाहेर आली. गल्लीतले लोक बघायला उभे. बाबा सकाळपासून लोकरीचा स्वेटर घालून पायरीवर बसले होते. मी डबा भरला होता, सुका मासा, लोणी, राईचा पाव. स्टेनारनं राजवाड्याचं उघडावं तसं दार उघडलं. जीपचं पायठाण बाबांच्या छातीला लागत होतं.

बाबांचा एक गुडघा बदललेला आहे. स्टेनारनं त्यांना खालून ढकललं, बाल्दुरनं आतून ओढलं, मी मधल्यामध्ये "सांभाळा" म्हणत राहिले. खोकं ठेवून पाहिलं, ते कलंडलं. शेवटी बाबांनी दोघांचे हात बाजूला केले.

"पोरा," ते म्हणाले, "हिच्यात चढायला आधी दुसरी जीप लागेल."

गल्ली हसली. मला वाटलं, आता तरी याला लाज वाटेल. पण स्टेनार गाडीखाली वाकून बघत होता आणि त्याच्या चेहऱ्यावर लग्नातसुद्धा नव्हता असा आनंद होता.

"पायरी लागणार," तो म्हणाला. "दार उघडलं की आपोआप खाली येणारी. आठवड्याचं काम आहे."

पायरीच्या मोटरला जागा हवी म्हणून डिझेलची टाकी काढली. टाकी काढलीच आहे तर दुसरी मोठी बसवावी असं ठरलं. आत शिरलाच आहे तर गिअरबॉक्सही उघडला. बाल्दुर जहाजावर निघून गेला. सप्टेंबर लागला. रेडिओवर पठारावर बर्फ पडणार असल्याचं सांगायला लागले.

मी रागनाला फोन केला. रागना नदीपलीकडे मेंढ्या पाळते. तिची जीप आमच्या जीपच्याच जातीची आणि वयाची आहे, फक्त तिला कुणी सुधारलेलं नाही. मागचं दार दोरीनं बांधलेलं असतं आणि आत कुत्र्याचा वास येतो.

निघताना मी गॅरेजात डोकावले. "आम्ही रागनाबरोबर तळ्यावर जातोय. तूही चल."

जीपखालून फक्त त्याचे पाय दिसत होते. "एक आठवडा थांबला असता तर काय झालं असतं?" पाय म्हणाले.

मी दार आपटलं. तो राग अजून ताजा आहे.

बाबा रागनाच्या जीपमध्ये खुर्चीवर बसावं तसे बसले. कुत्रा त्यांच्या मांडीवर. नदी आली तेव्हा रागना एका मेंढ्याच्या लफड्याबद्दल काहीतरी सांगत होती. ते तिनं नदीतही थांबवलं नाही आणि पलीकडे गेल्यावर संपवलं.

तळ्याशी बाबा उतरले, काठीनं दगड शोधत पाण्यापर्यंत गेले. तिथे त्यांनी मान एका बाजूला वळवली, मग दुसऱ्या. कोंबडी दाण्याकडे बघते तसं ते तळ्याकडे बघत होते.

"ज्याच्याकडे बघावं तेच नाहीसं होतं," ते म्हणाले. तक्रार नव्हती त्यात. "कड दिसतेय. कडेनं गवत आहे."

मग ते खूप वेळ तिथेच उभे राहिले. मला रडू आलं. तीन उन्हाळे एका अॅक्सलनं खाल्ले म्हणून आलं. रागनानं मला सुका मासा दिला.

घरी परतल्यावर स्टेनारनं काही विचारलं नाही आणि कुणी त्याला काही सांगितलं नाही. चार घास जेवला, परत गेला.

त्या शनिवारी आम्ही नेहमीसारखे गावातल्या पोहण्याच्या तलावाशेजारच्या गरम पाण्याच्या कुंडात बसलो होतो. आमच्या गावाची सगळी बातमीपत्रं तिथेच निघतात. स्टेनार, बाबा, मी, आणि कोपऱ्यात डोळे मिटून रागना. बाल्दुर त्याच सकाळी जहाजावरून उतरला होता. पाण्यात शिरत त्यानं विचारलं, "काय ओद्दुर, तळं पाहिलंत, की जीप अजून ठोकळ्यांवर?"

"पाहिलं की," बाबा म्हणाले. "पोरानं नेलं."

रागनानं एक डोळा उघडला. स्टेनार कानापर्यंत लाल झाला. पाणी गरम असतं, पण इतकं नाही. मी वाट बघत होते. 'नाही' एवढा एक शब्द पुरला असता.

"खरंच?" बाल्दुर सरकून जवळ आला. "मग नदीत कशी चालली? हवा किती ठेवली होतीस?"

"सात," स्टेनार हळूच म्हणाला.

"सात? खडीवर?"

"नदीपाशी उतरवली." आवाज जरा मोठा झाला. "मधोमध प्रवाह ओढत होता. पण खालचा गिअर टाकला आणि अशी चढली ना..." त्याचा हात पाण्याबाहेर आला आणि हवेत काठ चढला. पाचेक मिनिटांत माझा नवरा ती नदी दोनदा ओलांडून आला. मागचं चाक अडकलं, सुटलं, गिअरबॉक्स घुमला. रागनानं तो एक डोळा पुन्हा मिटून घेतला. मला त्याची इतकी लाज वाटली की मी हनुवटीपर्यंत पाण्यात गेले.

बाबा त्याच्या आवाजाकडे कान देऊन शांत ऐकत होते. तो थांबल्यावर म्हणाले, "आता तळ्याचं सांग."

"काय?"

"तळं कसं दिसत होतं ते. मला मधलं काही दिसलं नाही. तूच सांग."

लहानपणानंतर स्टेनार त्या तळ्यावर गेलेला नाही. त्यानं माझ्याकडे पाहिलं. तिथे हंस होते, खोपीचं छप्पर एका बाजूनं खचलं होतं, पाण्यावर ढगाची सावली सरकत होती. मला सगळं माहीत होतं आणि मी त्याला काही दिलं नाही. त्याचा चेहरा बघून दया आली, तरी दिलं नाही.

"तळं..." स्टेनार म्हणाला. "मोठं आहे, बाबा."

"हं," बाबा म्हणाले. "अजून?"