कांताबाईच्या पदराचा राखणदार

मी साडीगार्ड बोलून राहिलो. हसू नका ब्वा! मोटरसायकलच्या मागच्या चाकाजवळ, डाव्या बाजूले जी लोखंडी जाळी असते ना, तोच मी. बाई एका बाजूनं बसली की तिचा पदर चाकात जाऊ नये म्हणून मी, आणि तिले दोन्ही पाय टेकता यावेत म्हणून माझ्याच खाली एक पट्टी. गाडी घ्यायले आलेला माणूस मायलेज विचारतो, पिकअप विचारतो. माझं नाव कोणी घेत नाही.

एकट्या मारोतीभाऊंनी घेतलं. ते इथं रायपूरले, उरला नावाच्या कारखान्यांच्या भागात, रोलिंग मिलमध्ये कामाले होते. शोरूममध्ये त्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली, खाली वाकले, मले हातानं हलवून पाहिलं आणि बायकोले म्हणाले, "हे पक्कं आहे. आता तू बिनधास्त बस." कांताबाई लाजल्या. या माणसाच्या शब्दाले जागायचं, हे मी तेव्हाच ठरवलं.

आणि जागलो, बरं का! आठवडाभर उरलाची धूळ, ट्रकांचा धूर. रविवारी मात्र मारोतीभाऊ गाडी धुऊन लखलखीत करत. पांढरी साडी नेसून कांताबाई मागं बसत आणि आम्ही विहारात जात असू. तिथं वंदना सुरू करणारा आवाज त्यांचाच. त्या नाही आल्या तर बाकीच्या बाया एकमेकींच्या तोंडाकडे पाहत बसत. एका बाजूले ती पांढरीशुभ्र साडी, दुसऱ्या बाजूले चेनचं काळं तेल, आणि मधात मी उभा! एक डाग पडू दिला नाही. पदर वाऱ्यानं माझ्यावर आपटायचा तेव्हा फार बरं वाटायचं.

पुढं मारोतीभाऊ रिटायर झाले आणि गाडी गेली त्यांच्या पोराकडे, यशदीपकडे. नवी नोकरी, हातात पहिला पगार. पोट्टा वाईट नाही, पण भारी हौशी. जेवतानाही त्याच्या मोबाइलवर एकच व्हिडिओ चालू, गाडीले काय काय लावावं.

खोटं कशाले बोलू, त्यातल्या बऱ्याच चीजा कामाच्या होत्या. नवा हेडलाइट असा की ट्रकच्या धुळीतही खड्डा दिसे. मोबाइल होल्डर आल्यापासून मान वाकडी करून खांद्यात फोन दाबायचं त्यानं बंद केलं. आईसाठी वेगळं हेल्मेट आणलं, तेव्हा तर मी मनापासून खूश झालो. हॉर्न तेवढा असा आणला की पाऱ्यातली, म्हणजे मोहल्ल्यातली, सगळी कुत्री उठून बसत.

मग आला जाडा टायर. मिस्त्री विकीनं तो हातात घेतला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "भैया, टायर मोटा है, गार्ड घिसेगा. निकालना पड़ेगा."

"निकाल दे यार," यशदीप म्हणाला. "वैसे भी आंटीवाला लुक देता है."

आंटीवाला लुक! अरे बाबू, तुझी आई आजवर कोणावर पाय ठेवून बसली? पण लोखंडाचं कोण ऐकतं!

घरी मारोतीभाऊंनी विचारलं, "काहून काढला रे?"

"बाबा, आजकल कोई नहीं रखता."

मारोतीभाऊंनी पोराचा फुललेला चेहरा पाहिला. मले उचलून त्यांनी अंगणातल्या भिंतीले उभं केलं. कांताबाईंनी खाली कारल्याचं बी टाकलं. वेल वर चढला आणि मी त्याचा मांडव झालो. रोज पाणी मिळायचं, त्यानं वेल वाढला आणि मी गंजलो.

त्याच दिवसांत एका रविवारी मायलेक विहारात गेले आणि परत आले ते कांताबाईंचा हात प्लास्टरमध्ये घेऊन. यशदीपचं तोंड उतरलं होतं. "ब्रेकर पे आई का बॅलन्स गया, बाबा." कांताबाईही म्हणाल्या, "हव, माझाच झोक गेला."

दुसऱ्या दिवशी पोरगा कामावर गेल्यावर त्या वेलाजवळ आल्या आणि हळूच मारोतीभाऊंले म्हणाल्या, "ब्रेकर नाही वो. पदर चाकात गेला. फाटला म्हणून वाचली. त्याले दिसू नाही म्हणून लगेच काखेत दाबून घेतला."

"मग सांगत काहून नाही त्याले?"

"पहिल्या पगाराची हौस आहे त्याची. जन्मभर मनाले लावून घेईल पोट्टा. तुमाले माझी शपथ आहे."

मी तिथंच होतो, भिंतीले टेकून. माझं काम मले करता आलं नाही, हे मी माझ्या कानानं ऐकत होतो. काय वाटलं असेल मले, तुम्हीच सांगा.

हात जुळला, पण कांताबाई काही गाडीवर बसेनात. गुडघे दुखतात म्हणत. ऑटोनं जा म्हटलं तर, "एकटीसाठी कशाले?" मुलगी पिंकी म्हणाली, "आई, सूट पहन ले ना." तर, "विहारात मी पांढऱ्या साडीतच जाईन." आणि मग हळूहळू त्यांनी जायचंच सोडलं. रविवारी घरातच मेणबत्ती लावत, हात जोडत. ज्या आवाजामागं सगळा विहार म्हणायचा, तो आवाज आता स्वयंपाकघराबाहेरही येत नव्हता.

यशदीपले वाटे, आईचा आपल्या गाडी चालवण्यावरच भरोसा राहिला नाही. म्हणून तो एकेक वस्तू आणत राहिला. मऊ सीट आणली, टेकायले पाठ आणली, धरायले दांडा आणला. "आई, धीरे चलाऊंगा, बैठ ना." कांताबाई प्रत्येक वस्तूवरून हात फिरवत, "छान आहे रे," म्हणत आणि आत निघून जात. मले दोघांचीही दया येई.

बुद्धपौर्णिमेच्या आदल्या दिवशी यशदीप अंगणात गाडी पुसायले बसला. त्यानं फडकं मागितलं आणि पिंकीनं जुन्या कपड्यांच्या गाठोड्यातून हाताले लागलं ते दिलं. पांढरं, निळ्या काठाचं. दोन हात मारले असतील, आणि त्याचा हात थांबला. फडक्याची एक कड चिरफाळलेली होती आणि तिच्यावर चेनच्या तेलाचे काळे पट्टे होते. त्यानं ते फडकं चाकाजवळ धरून पाहिलं.

"आई! ये क्या है?"

"जुनं फडकं आहे रे," कांताबाई दारातून म्हणाल्या.

"ये तो उस दिन की साडी है."

कांताबाईंनी मारोतीभाऊंकडे पाहिलं. मारोतीभाऊ म्हणाले, "आता सांगून टाक वो. मी शपथ मोडली नाही, त्यानं स्वतःच पाहिलं."

यशदीप चाकापाशी मटकन बसला. फडक्यात तोंड खुपसून रडला बिचारा. घरी कायम हिंदीत बोलणारा पोट्टा, पण त्या दिवशी त्याच्या तोंडून मराठीच निघाली. "मले काहून नाही सांगितलं वो आई?"

"किती हौसेनं सजवली होती रे तू गाडी," कांताबाई म्हणाल्या आणि त्याच्या डोक्यावर हात ठेवून तिथंच उभ्या राहिल्या.

मग तो उठला आणि सरळ माझ्याकडे आला. वेलाचे तणावे एकेक करून सोडवू लागला.

"अरे, कारले लागले आहेत त्याले!" कांताबाई ओरडल्या.

"लागू दे!"

गॅरेजमध्ये विकी म्हणाला, "भैया, या तो गार्ड लगेगा, या मोटा टायर." यशदीप म्हणाला, "टायर निकाल." जुना टायर परत आला. मले घासलं, काळा रंग दिला, बोल्ट कसले. यशदीपनं खाली वाकून मले हातानं हलवून पाहिलं, अगदी बापासारखं. तो हॉर्नही निघाला असता तर बरं झालं असतं, पण सगळंच कुठं मिळतं!

गाडी सजवणाऱ्या पोट्ट्यांनो, लाइट लावा, होल्डर लावा, मोठी हौस करा. मी नाही म्हणणार नाही. फक्त मागं कोण बसते ते एकदा पाहा आणि मग पाना हातात घ्या.

पौर्णिमेले कांताबाई नवी पांढरी साडी नेसून बाहेर आल्या. माझ्या पट्टीवर पाय ठेवला. निघताना पदर मुठीत घट्ट धरला होता. चौक आला, ब्रेकर आला, तरी मूठ सुटली नाही. मोठ्या रस्त्याले लागल्यावर हळूच सुटली, आणि पदर माझ्यावर येऊन पडला. धन्य झालो!

विहारापाशी बायांनी त्यांले घेरलं. "जय भीम कांताबाई! किती दिवसांनी! आज कशा काय आल्या?"

यशदीप खाली मान घालून उभा होता. कांताबाईंनी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"काही नाही वो," त्या म्हणाल्या, "माझ्या पोट्ट्यानं गाडीले नवीन सामान लावलं ना!"

एवढा जुना, गंजका मी. आयुष्यात पहिल्यांदा मले कोणी नवीन म्हटलं. थोड्या वेळानं आतून वंदना सुरू झाली, त्यांच्याच आवाजात, आणि मी बाहेर उभा राहून ती शेवटपर्यंत ऐकली.